मॅडमनी कॅमेरा निवडला

आमच्या घरमालकीणबाई रोज सकाळी पाण्याने काठोकाठ भरलेला पेला हातात धरून गच्चीवर फेऱ्या मारायच्या. इंदूरच्या अन्नपूर्णा भागातल्या त्यांच्या घराची वरची खोली बघायला मी पहिल्यांदा गेलो, तेव्हाही हेच चालू होतं. मी जिना चढून वर आलो, नमस्कार केला. पेल्यावरची नजर न काढता त्यांनी दुसऱ्या हाताने मला जागच्या जागी थांबवलं. गच्चीच्या टोकापर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या, पेला कठड्यावर ठेवला आणि हाताची कोरडी बोटं माझ्यापुढे धरली. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी "वा" म्हणालो. नोकरी कुठली, पगार किती, लग्न झालंय का, यातलं त्यांनी काही विचारलं नाही. मी साताऱ्याचा आहे हे त्यांना आधीच कळलं होतं, म्हणून एवढंच विचारलं की खो-खो खेळलोय का.

शाळेच्या संघात होतो, पण बहुतेक वेळ बसलेलाच असायचो, असं मी खरं ते सांगून टाकलं.

"चालून जाईल," त्या म्हणाल्या. "बसणाऱ्याची नजर चांगली असते."

खोली मला मिळाली.

त्यांना सगळे मॅडम म्हणायचे. मुलींच्या एका शाळेत आयुष्यभर खेळ शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. उंची बेताची, केस बारीक कापलेले, साडीखाली कायम कॅनव्हासचे बूट. त्यांच्याबरोबर बाजारात जाणं हा एक अनुभव असायचा. पाणी-पताशेवाल्याच्या, म्हणजे आपल्या पाणीपुरीवाल्याच्या, गाडीभोवती उभ्या असलेल्या चांगल्या चाळीस-पंचेचाळिशीतल्या बायका मॅडमना बघून हातातला द्रोण पाठीमागे लपवायच्या आणि पाठ ताठ करायच्या. मॅडम थांबून एखादीला विचारायच्या, गुडघा कसा आहे. तिला शाळेत असताना झालेली दुखापत मॅडमना आठवत असायची. नाव मात्र कुणाचंच आठवायचं नाही.

संस्थानच्या काळात त्यांचे पणजोबा नोकरीसाठी इंदूरला आले आणि घराणं इथलंच झालं. मॅडमची मराठीही इथलीच. "मला माहीत पडलं", "मी त्याला बोलून दिलं", "तुम्ही बसून जा ना भिया". सुरुवातीला मी मनातल्या मनात ती वाक्यं दुरुस्त करायचो. वर्षभराने आईला फोनवर म्हणालो, "तू टेन्शन नको घेऊ, मी जेवून घेतलं." आईने पलीकडून हळूच विचारलं, तुझी तब्येत बरी आहे ना.

पेल्याचं कारण मला आठवड्याभराने कळलं. मॅडमना व्हिडिओ कॅमेरा घ्यायचा होता. तळहातात मावणारा, घरातली कार्यं आणि मैदानावरचे सामने दोन्ही टिपणारा. दुकानदार सांगायचे की या कॅमेऱ्यात हात हलला तरी चित्र हलत नाही. मॅडमचं म्हणणं असं की आधी आपला हात किती हलतो ते बघावं, मग मशीनने किती सांभाळायचं ते ठरवावं. म्हणून पेला.

त्यांचा मुलगा शहरातल्याच विजयनगर भागात फ्लॅटमध्ये राहायचा, बायको आणि मुलीसह. मोठ्या कंपनीत होता. त्याने आईला भारीतला फोन आणून दिला होता आणि त्याच्याने सगळं होतं, हे तो दर रविवारी न चिडता समजावायचा. मॅडम ऐकून घ्यायच्या. एकदा मात्र त्यांनी त्याला एका मुंजीची गोष्ट सांगितली. मुंज त्यांच्याच नात्यातली होती, त्या पहिल्या रांगेत बसल्या होत्या आणि ऐन मुहूर्ताला पुढे इतके फोन वर झाले की त्यांना बटू दिसलाच नाही. "कोपरं दिसली," त्या म्हणाल्या. "अख्ख्या खानदानाची कोपरं पाहून घरी आली मी."

मुलाने विचारलं, मग तू कॅमेरा धरलास तर मागच्यांना तुझं कोपर नाही का दिसणार. मॅडमनी उजवा हात छातीशी घेऊन मूठ डोळ्याला लावून दाखवली. कोपर कुठेच बाहेर येत नव्हतं. मुलगा माझ्याकडे बघून हसला आणि त्याने तो विषय माझ्यावर सोपवला, कारण मी कंप्युटरवाला होतो.

तिथून माझे शनिवार गेले.

आजकाल असले कॅमेरे फार कुणी घेत नाही. दुकानदार आधी आश्चर्याने बघायचे, मग कुठूनतरी आतून एखादा खोका काढून त्याच्यावरची धूळ झटकायचे. मॅडम कॅमेरा हातात घेऊन काही विचारायच्या नाहीत. सरळ दुकानाबाहेर जायच्या आणि रस्त्यावरून जाणाऱ्या एखाद्या रिक्षावर तो रोखायच्या. दुकानदार धावत मागे. एका दुकानदाराने काकुळतीला येऊन सांगितलं, "मैडमजी, अब ये कौन लेता है, मोबाइल में सब आ जाता है." मॅडमनी त्याला शांतपणे विचारलं की भरधाव पळणाऱ्या मुलीच्या मागे मोबाइल धावेल का. तो म्हणाला, लड़की को थोड़ा पास बुला लीजिए. त्या दुकानात आम्ही परत गेलो नाही.

बारीकसारीक गोष्टींवरून त्या कॅमेरे नापास करायच्या. एक सुरू व्हायला वेळ घ्यायचा. "हा उठेपर्यंत पोरगी बाद होऊन घरी जाईल," हे त्याचं प्रगतिपुस्तक. एक सुरू होताना टुणकन वाजायचा, म्हणजे बारशाला पाळण्यातलं मूल उठणार. एकाला डोळा लावून बघायची खिडकीच नव्हती, नुसता पडदा, आणि मे महिन्यातल्या उन्हात त्या पडद्यावर आपलंच तोंड दिसायचं. एकाची बॅटरी हळदीला सुरू केली तर मंगलाष्टकांना संपेल अशी होती. एकाचा पट्टा त्यांच्या मनगटाला सैल व्हायचा. त्या पट्ट्याला अजून एक भोक पाडता येईल असं मी सुचवलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीही पाठ ताठ केली.

पळणाऱ्या माणसावर कॅमेऱ्याची नजर टिकते का, ही परीक्षा दुकानासमोरच्या गर्दीत नीट व्हायची नाही. मग एका ओळखीच्या दुकानदाराने दोन कॅमेरे संध्याकाळपुरते घरी न्यायला दिले. मी ऑफिसातून येत होतो. खांद्याला लॅपटॉपची बॅग, पायात चामड्याचे बूट. मॅडम फाटकात उभ्या होत्या. म्हणाल्या, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत पळत जा आणि वळून दाखवा. नुसतं सरळ पळायचं नाही, हुलकावणी द्यायची. मी गल्लीतून हुलकावण्या देत पळालो. परत आल्यावर दुसरा कॅमेरा, पुन्हा पळालो. शेजारचे जोशीकाका गेटबाहेर आले आणि काय झालं, चोर होता का, म्हणून विचारू लागले. किराणावाल्याने त्यानंतर बरेच दिवस मला बघितलं की सामान आधी बांधून दिलं. त्याचा समज झाला होता की मी कायम घाईत असतो.

त्या संध्याकाळच्या दोन कॅमेऱ्यांपैकी दुसरा मॅडमना पसंत पडला. मी किराणा दुकानाशी वळलो तेव्हा पहिल्याने मला सोडून किराणावाल्याची पाटी पकडली होती, दुसऱ्याने मला सोडलं नव्हतं. झूम लांबवर जायचा. मुठीत बसायचा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याच्या तोंडावरचा लाल दिवा बंद करून ठेवता यायचा. चित्रण चालू असल्याचं समोरच्याला कळायचं नाही. मॅडमचा सिद्धांत होता की लाल दिवा दिसला की माणूस लगेच फोटोतला होतो, आणि त्यांना फोटोतली माणसं नको होती.

या सिद्धांताचा पहिला प्रयोग त्यांच्या दिराच्या मुलाच्या साखरपुड्यात झाला. आठवड्याने सगळे दिराच्या दिवाणखान्यात टीव्हीसमोर जमले. मलाही वायर जोडायला नेलं होतं. अंगठ्यांचा कार्यक्रम मॅडमनी घेतला होता, पण उरकल्यासारखा. बाकीचा सगळा वेळ पाहुण्यांचा. मधुमेह असलेले दीर खांबाआड उभे राहून श्रीखंडाची वाटी पुसून खात होते. भटजी मंत्र म्हणता म्हणता क्रिकेटचा स्कोअर बघत होते. दोन मावश्या एकमेकींच्या साड्यांचं तोंडभर कौतुक करून वेगळ्या झाल्या, आणि वेगळ्या झाल्यानंतरचे त्यांचे चेहरे मॅडमनी झूम करून घेतले होते. त्या दोघी मावश्या त्या क्षणी दिवाणखान्यात शेजारी शेजारी बसल्या होत्या. मी वायर काढू का, असं विचारलं. मॅडम म्हणाल्या, पुढे अजून पंगत आहे.

पुढच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला दीर स्वतः आले. फार अगत्याने म्हणाले की वहिनी, या वेळी फोटोग्राफर सांगितलाय, तुम्ही आरामात बसून मजा घ्या. मॅडम बरं म्हणाल्या. पण दीर जाताना जिन्यात घुटमळले आणि मला बाजूला घेऊन विचारू लागले की त्या साखरपुड्यात एक तुकडा आहे, त्यांची आई कोपऱ्यात बसून एकटीच हसते आहे, तेवढाच वेगळा काढून मिळेल का. म्हातारी कशाला हसत होती ते चित्रात कुठेच नव्हतं. मी तो तुकडा काढून दिला. मॅडमना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "श्रीखंड पण देऊन द्यायचं ना त्यांना."

मग घरच्या कार्यांतून मोकळ्या झालेल्या मॅडम पूर्ण वेळ मैदानाकडे वळल्या, कारण तिथे त्यांची नात होती.

नातीचं नाव रेवा. शाळेच्या खो-खो संघात होती आणि पळण्यात जिल्ह्यात तिच्या तोडीच्या फार नव्हत्या. लांब पाय, तल्लख, थोडी तुसडी. दर रविवारी आजीकडे पोहे खायला यायची आणि पोह्यांबरोबर आजीच्या सूचना खायची. पाठलाग करणारी आली की तिच्या पायांकडे बघ, तोंडाकडे बघू नको, हे मी वरच्या मजल्यावरूनही इतक्यांदा ऐकलं होतं की मला पाठ झालं होतं. मॅडमनी आयुष्यभर सामन्यांत पंच म्हणूनही काम केलं होतं. त्यांनी शिट्टी वाजवली की वाद होत नसे, असं त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी सांगायच्या. वाद घालायला लागणारं धैर्यच कुणात नसावं असा माझा अंदाज.

शाळांच्या जिल्हा स्पर्धेचा अंतिम सामना होता. मॅडमनी मला घडीचं स्टूल आणि छत्री घेऊन बरोबर नेलं. मुलगा आणि सूनही आले होते. समोरच्या शाळेच्या संघात मुस्कान नावाची मुलगी होती, ठेंगणी, चपळ, खांबाजवळ हमखास सूर मारणारी. मॅडमनी तिला बघून मान हलवली होती. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी मी पाहिलेली नाही.

शेवटच्या डावात मुस्कानचा संघ पाठलाग करत होता. बरोबरीसाठी त्यांना फक्त एक गडी हवा होता. मैदानात रेवा एकटी उरली होती. तिच्याबरोबरच्या दोघी बाद झाल्या होत्या आणि वेळ संपत आली होती. ती शिट्टीपर्यंत टिकली तर तिची शाळा जिंकणार होती. बाद झाली तर जादा डाव. रेवा खांबाला वळसा घालत होती आणि मुस्कानने अख्खं अंग झोकून सूर मारला. धुरळा उडाला. मुस्कान पोटावर पडली, तिचा हात पुढे ताणलेला. शिट्टी झाली नाही. रेवा पळतच राहिली, आणि थोड्या वेळाने वेळ संपल्याची लांब शिट्टी झाली.

रेवाच्या मैत्रिणींनी तिला उचललं. मुस्कान उठली तीच हात वर करून. तिच्या सरांनी पंचांना गाठलं, हात लागला होता असं ते म्हणत होते. जवळचा पंच खांबाच्या आड होता, त्याला दिसलं नव्हतं. तेवढ्यात कुणीतरी मॅडमकडे बोट दाखवलं. मुख्य पंच होत्या त्या बाई मॅडमच्याच जुन्या विद्यार्थिनी. त्या आल्या आणि अदबीने विचारू लागल्या की रेकॉर्डिंग बघता येईल का. मॅडमनी कॅमेरा त्यांच्या हातात दिला.

मी छत्री धरली. तिच्या सावलीत त्या बाई, दोन्ही शाळांचे सर आणि मॅडम, सगळ्यांची डोकी त्या एवढ्याशा पडद्यावर. मीही वाकून बघत होतो. मॅडमनी झूम पूर्ण लावला होता. पडदाभर रेवाचा चेहरा होता, घामाने चमकणारा. ती वळली, कडेला धूळ उठली, ती पुढे पळाली. पुन्हा लावलं, पुन्हा तेच.

"मैडमजी, इसमें हाथ तो कहीं दिख नहीं रहा," त्या बाई म्हणाल्या.

"नहीं दिख रहा," मॅडम म्हणाल्या.

निकाल कायम राहिला. मुस्कानच्या सरांनी नमस्कार केला आणि ते गेले.

परतताना गाडीत मॅडमनी कॅमेरा पिशवीत घातला नाही, मांडीवर धरून ठेवला. मुलगा पुढे बसून दोनदा म्हणाला की आईच्या कॅमेऱ्याने वाचवलं बरं का.

संध्याकाळी मी स्टूल द्यायला खाली गेलो तर रेवा आली होती, गळ्यात पदक. तिचे आईवडील कोपऱ्यावर पेढे घ्यायला उतरले होते. मॅडमनी तिला शेजारी बसवून कॅमेरा तिच्या हातात दिला आणि तो तुकडा लावला. मला जा म्हणाल्या नाहीत, म्हणून मी स्टूल घेऊन दारात उभा राहिलो.

रेवाने बघितलं. "यात काय आहे आजी? टच तर दिसतच नाही ना."

"परत बघ."

तिने परत बघितलं. या वेळी मलाही दिसलं. धूळ उठते त्याच क्षणी रेवाचे डोळे मिटतात, मान आत जाते आणि पाय सैल पडतात. बाद झालेली मुलगी थांबते तसे. मग शिट्टी होत नाही, आणि ती डोळे उघडून पुन्हा पळायला लागते. सगळं एका श्वासात होऊन जातं. छत्रीखाली आमच्यापैकी कुणीच चेहरा बघत नव्हतं, सगळे हात शोधत होते.

रेवाने कॅमेरा टीपॉयवर ठेवला. "मग तू पंचांना का नाही बोलली?"

"त्यांनी हात विचारला. हात नव्हता. चेहऱ्याचं तर तुलाच विचारावं लागेल ना."

"सगळ्याच करतात आजी. मुस्कानने पण हेच केलं असतं."

"असेल," मॅडम म्हणाल्या आणि शेवेची बशी तिच्यापुढे सरकवली. "खाऊन घे."

रेवाने खाल्लं नाही. पेढे घेऊन आईवडील येईपर्यंत ती फाटकाशी जाऊन उभी राहिली.

त्यानंतर रविवारी रेवा यायची बंद झाली. अभ्यास असतो, असा निरोप यायचा. एकदा मुलाचा फोन आला. मॅडम फोन कानापासून लांब धरायच्या, त्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू यायचं. तो म्हणत होता की शाळेतल्या मुलींचा खेळ आहे, पंचांनी निकाल दिलाय, तू घरात कोर्ट कशाला लावतेस. मॅडमनी फोन ठेवला. कॅमेरा पिशवीत घालून कपाटात टाकला. त्या काळात एका सकाळी गच्चीवर कपडे वाळत घालताना त्यांनी मला अचानक विचारलं की आपण निवडला तो कॅमेरा चांगलाच आहे ना. मी म्हणालो, उत्तम आहे.

"जरुरीपेक्षा जास्त चांगला निघाला," त्या म्हणाल्या.

मला त्यांना तसं बघवत नव्हतं. मी एक-दोनदा रेवाला फोन करावा म्हणून हातात घेतला आणि ठेवून दिला. काय बोलणार होतो, मी बसणारा गडी.

मग एका रविवारी रेवा आली. सकाळी फाटक वाजलं, मी वरून डोकावलो, तर तिच्याबरोबर मुस्कान. काय झालं होतं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. रेवाने आधी आपल्या सरांना सांगितलं. सर म्हणाले, निकाल लागलाय, आता तोंड उघडू नकोस. संघ पुढच्या फेरीत गेला आणि पहिलाच सामना हरून आला. त्यानंतर रेवा पत्ता विचारत विचारत स्नेहलतागंजला गेली. तिथे स्टेशनच्या बाजूला मुस्कानच्या वडिलांचं दुकान होतं, प्रवासाच्या बॅगा शिवायचं आणि दुरुस्त करायचं. रेवाने दुकानासमोर उभं राहून मुस्कानला सांगितलं की तुझा हात लागला होता. मुस्कान म्हणाली, "मुझे पता है, मेरा ही हाथ था." मग मुस्कानने विचारलं की तुझी दादी शूटिंग करत होती ना, मला बघायला मिळेल का.

मॅडमनी मला वायर जोडायला खाली बोलावलं. मुस्कान सोफ्याच्या कडेवर बसली होती. टीव्हीवर तो तुकडा लागला, मोठ्या पडद्यावर सगळं फारच स्पष्ट दिसत होतं. मुस्कान बघता बघता खुदकन हसली. म्हणाली, "आँखें मींच लीं तूने." रेवा हसली नाही, पण तिच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं आणि ती सोफ्यावर मागे टेकली.

मला वाटलं, संपलं. पण मुस्कान अजून टीव्हीकडेच बघत होती. तिने विचारलं, "दादी, इसमें मैं कहाँ हूँ?"

मॅडमनी रेकॉर्डिंग मागे नेलं, पुढे नेलं, पार सुरुवातीपासून लावलं. सामनाभर रेवा होती. रेवा पळताना, रेवा बसताना, रेवा पाणी पिताना. एका जागी मुस्कानचं कोपर होतं. एका जागी वेणीचं टोक. त्या शेवटच्या सुराच्या जागी, मैदानावरच्या सगळ्यांनी श्वास रोखून बघितलेल्या सुराच्या जागी, चित्राच्या कडेला नुसती धूळ होती.

"कोई बात नहीं," मुस्कान म्हणाली. "पापा को दिखाना था बस. दुकान छोड़ के आ नहीं पाते ना वो."

मॅडम उठून स्वयंपाकघरात गेल्या. पोहे करायला त्यांना एरवी लागतो त्याहून बराच जास्त वेळ लागला. आणून ठेवले तेव्हा त्यावर जिरावण, इथला पोह्यांवरचा मसाला, घालायचंच राहिलं होतं, आणि आम्ही तिघांनीही ते मागितलं नाही.

त्या आठवड्यात मॅडम कॅमेरा घेऊन फाटकात उभ्या राहिल्या आणि त्यांनी अख्खी गल्ली टिपली. कुणालाही जवळ न आणता, झूम न लावता, सगळी सगळ्यांसकट. जोशीकाका, भाजीची गाडी, कुत्री. मला बोलावून दाखवली. या कॅमेऱ्यात सगळं घ्यायची सोय आहे, त्या म्हणाल्या, चालवणारीच अर्धी निघाली. मी म्हणालो, मॅडम, असं काही नाही. त्या म्हणाल्या, तुम्ही मध्ये बोलू नका.

मग आम्ही मुस्कानच्या शाळेच्या सरावाला जायला लागलो. तिथल्या सरांना आधी वाटलं की मॅडम हेरगिरीला आल्या आहेत. दोन दिवसांत मॅडमनी त्यांच्या मुलींच्या बसण्यातल्या चुका काढल्यावर त्यांचा संशय गेला. मुस्कानचे सूर मॅडमनी मनसोक्त टिपले, धावत येण्यापासून ते कपडे झटकत उठण्यापर्यंत. आणि एका दुपारी कॅमेरा घेऊन त्या स्नेहलतागंजला गेल्या.

मी बरोबर होतो. मुस्कानचे वडील मशीनवर बसले होते, ओठांत दोरा. मॅडमनी छोटा पडदा उघडून त्यांच्यासमोर धरला. त्यांनी मशीन थांबवलं. पडद्यावर त्यांची मुलगी धावत आली, हवेत आडवी झाली, खाली आपटली. दुकानात दोन गिऱ्हाईकं उभी होती, तीही वाकली. वडिलांनी ते पुन्हा बघितलं. तोंडातला दोरा काढायचं त्यांना भान नव्हतं. मग त्यांनी मॅडमना एकच प्रश्न विचारला.

"लगी तो नहीं इसको?"

"नहीं," मॅडम म्हणाल्या. "इसको गिरना आता है."

त्यांनी मान हलवली आणि पडदा स्वतःच्या हाताने मिटून कॅमेरा परत दिला, एखादी नाजूक वस्तू द्यावी तसा. चहा मागवला. मॅडम चहा पीत नसत. त्या दिवशी प्यायल्या.

रेवा रविवारी परत यायला लागली. त्या पदकाचं तिने काय केलं ते मला माहीत नाही आणि मॅडमनी विचारल्याचं मी ऐकलं नाही. पाठलाग करणारीच्या पायांकडे बघ, हे मात्र पुन्हा सुरू झालं, आणि आता त्यावर रेवाचं उत्तरही यायचं की मुस्कान पायांनी फसवते.

पुढच्या वर्षी माझी पुण्याला बदली ठरली. निघण्याआधी मी पाहिलेला शेवटचा सामना म्हणजे पुन्हा जिल्ह्याची अंतिम फेरी, आणि पुन्हा त्याच दोन शाळा. मी स्टूल घेऊन नेहमीच्या बाजूला निघालो, रेवाच्या शाळेचे पालक बसतात तिकडे. मुलगा आणि सून आधीच येऊन बसले होते, त्यांनी आईसाठी जागा धरली होती. मॅडमनी त्यांना लांबूनच हात केला आणि मैदानाला वळसा घालून चालू लागल्या. पलीकडे मुस्कानच्या शाळेच्या मुली पाण्याच्या बाटल्या घेऊन उभ्या होत्या. तिथे त्यांनी मला स्टूल मांडायला सांगितलं.

मुलगा वैतागून धावत आला. आई, तिकडे सगळे बसलेत, रेवा काय म्हणेल, तू इथे कुठे. मॅडम कॅमेऱ्याचा पट्टा मनगटाला आवळत होत्या. मैदानात रेवाने इकडे पाहिलं, कमरेवर हात ठेवले आणि मान एका बाजूला केली. मुस्कानने तिला काहीतरी म्हटलं, आणि दोघी हसल्या.

"इकडून ऊन पाठीशी राहतं," मॅडम मुलाला म्हणाल्या. "चित्र चांगलं येतं. तू जाऊन बस."

तो गेला. मी छत्री उघडली आणि कुठल्या बाजूने धरावी म्हणून वर पाहिलं. ऊन थेट समोरून त्यांच्या डोळ्यांत येत होतं.